गौरीच्या नैवेद्याचं मीठ

मालोजीच्या जिभेला अख्खं कोंडाणं गाव वचकून होतं. माणूस तसा वाईट नाही. दारू नाही, पत्ते नाहीत, बांधावरून कुणाशी मारामारी नाही. पण कालवणात मीठ खडाभर इकडचं तिकडे झालं की संपलं. त्याने पहिला घास तोंडात घातला की घरातली सगळी माणसं त्याच्या कपाळाकडे बघत. आठी पडली की ताट सरकणार, आणि ते नुसतं सरकायचं नाही, चांगलं भिंतीपर्यंत जायचं. वर बोलणार, "गुरांना घाला. मान्सांचं नाय हे." कुंभिवलीला भाचीच्या लग्नात तर त्याने भर पंगतीत आचाऱ्याला बोलावून विचारलं होतं, की तुमच्या गावात मीठ विकत मिळतंय काय? मेहुणा हात जोडत आला तेव्हा कुठे हा गप्प बसला. आता असल्या माणसाला काय म्हणावं!

जयवंता त्याची बायको. लग्न होऊन आली तेव्हा रडायची. भिंतीशी सांडलेला भात गोळा करताना सासू म्हणायची, "गोळा कर गं बाय, शिकशील." आणि खरोखर शिकली. खडेमीठ तीन बोटांत उचलायचं, बोटांच्या टोकांनी चाचपायचं आणि टाकायचं. चाखायचं नाही, बघायचंही नाही. नंतर नंतर तर रडणंही सुटलं, तोंडाला तोंड द्यायला लागली. एकदा त्याने आमटीला नाव ठेवलं, तशी हिने मिठाचा डबाच त्याच्या ताटात पालथा केला. "घ्या, आता तरी पुरतंय काय बघा!" ताट भिंतीवर गेलं, शिव्या शेजारच्या सोनुबाईच्या परसापर्यंत ऐकू गेल्या, आणि संध्याकाळी नवराबायको ओटीवर बसून वाल सोलत होती. असा त्यांचा संसार. गावाजवळची लेणी बघायला येणारी शहरातली पोरं रविवारी त्यांच्या पडवीत वालाचं बिरडं-भाकरी जेवायची आणि जाताना मावशी, मावशी करायची.

मागल्या दिवाळीत जयवंताच्या छातीत गाठ निघाली. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेली, ऑपरेशन झालं, आणि मग सलाइनमधून ती औषधं सुरू झाली. मुलगा संतोष मोहोपाड्याला कंपनीत कामाला. तो रजा टाकून टाकून आईला नेई आणि आणी. गाठीने छळलं नव्हतं तेवढं औषधाने छळलं. केस गेले. गेले तर गेले, डोक्याला फडकं बांधता येतं. नखं काळी पडली. तोंड आलं, ते काही दिवसांनी बसलं. पण जीभ मेली ती मेलीच. पाणी प्यावं तर गंजक्या पत्र्याचं लागे, भात खावा तर ओल्या कागदाचा, आणि भेटायला येणारे लोक पिशव्या भरभरून आणत ती सफरचंदं म्हणजे निव्वळ साबण. आणि बोटं! हातापायांची बोटं आधी मुंग्यांनी भरली आणि मग जडच झाली, दुसऱ्या कुणाची आणून लावल्यासारखी. पायातली चप्पल निसटलेली कळायची नाही. ओढ्यावरून घरी यायची ती एका पायात चप्पल घालून, दुसरी वाटेत चिखलात रुतलेली. एकदा चुलीपुढे तोल गेला म्हणून तव्यावर हात टेकला, तर चटका लागलाच नाही. कातडी जळल्याचा वास आला तेव्हा तिने खाली बघितलं.

त्या दिवसापासून तिची चूल बंद. सून नम्रता पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, तुमी बसा." पोर गुणाची, तिला नावं ठेवायला जागा नाही. पण हे 'बसा' काही संपेचना. केर काढायला उठली, बसा. कोंबड्यांना दाणे टाकायला गेली, बसा. अंगणात वाळत घातलेले वाल पावसाने भिजायला लागले, सगळे धावले आणि हिला ओरडून म्हणाले, तू बस! एवढं जन्मात कधी बसली नव्हती ती. ओटीवरच्या खुर्चीत बसून बसून तिचं डोकं फिरायची वेळ आली.

आणि त्यात ते भेटायला येणारे! दारात चपला काढतानाच तोंड पाडायचं. मग समोर बसून एक लांब उसासा सोडायचा. "तब्येत लयच उतरली गं." जसं काही हिला आरशात दिसतच नव्हतं. कुणी म्हणे लिंबू-पाणी दे, कुणी म्हणे अमक्या गावचा बुवा झाडपाल्याचं देतो. कुणी तर तिच्याच समोर नम्रताला विचारलं, "जेवती का अजून?" अगं बाई, मेली नाही ती! इथेच बसलीय, तिला विचार की! जयवंताच्या अगदी ओठांवर यायचं, पण बोलायची नाही. सफरचंदं गाईला घालायची.

मालोजीचं तर विचारूच नका. मालोजी गोड झाला. उभ्या जन्मात ज्याने स्वतःच्या हाताने तांब्या भरून घेतला नव्हता तो बायकोला पाणी आणून द्यायला लागला. हाक मारायचा तीही हळू. "जयवंता, काय पायजे का गं?" नम्रताच्या हातचं अळणी कालवण मान खाली घालून मुकाट जेवायचा. जयवंता बघायची आणि मनात म्हणायची, बरा सुधारला, सुनेपुढे लाजतो वाटतं. तिला त्यात दुसरं काही दिसलं नाही.

गणपती तोंडावर आले तशी दवाखान्याची शेवटची फेरी झाली. डॉक्टरीण तरुण होती, हसरी होती. म्हणाली, "मावशी, रिपोर्ट चांगला आलाय. गाठ राहिलेली नाही. आता पथ्य काही नाही, हवं ते खा. तीन महिन्यांनी फक्त दाखवायला या."

"नि चव?" जयवंताने विचारलं.

"येईल हळूहळू."

"नि बोटं?"

"बोटांना वेळ लागेल. थोडं बधीरपण राहीलही कदाचित. पण तुम्ही बऱ्या झालात."

जयवंताने त्या पोरीच्या गालावरून हात फिरवला. बोटांना गाल कळला नाही, पण पोर हसली ते दिसलं. बाहेर येऊन बघते तर तिच्या आधी खोलीतून बाहेर पडलेला मालोजी भिंतीला टेकून उभा, तोंड काळंठिक्कर. तिला वाटलं, उन्हाने.

संतोषचं मोहोपाड्याला काम होतं म्हणून गाडी खालापूरच्या बाजूने आली. कुंभिवलीचा फाटा आला तसं मालोजीने तोंड दुसरीकडे फिरवलं. तिथे त्याची थोरली बहीण धाऊ दिलेली होती. धाऊही ह्याच रोगाने गेली. जयवंताला ते आठवलं, पण आज तिला कुणाचंच मरण आठवायचं नव्हतं. ती मोठ्याने म्हणाली, "औंदा गौरीचा निवद मी करनार."

तिने बोटं पुढे धरून मोजायला सुरुवात केली.

"सगळा मी करनार. बिरडं, अळू, भाकऱ्या. कुनी मधी यायचं नाय."

आता खरं म्हणजे मालोजीने उसळायला हवं होतं. हात भाजून घ्यायचेत काय, जिभेला चव नाय नि निवद कसला करतेस, असं काहीतरी. तिने उत्तरही तयार ठेवलं होतं. त्यांच्या घरात गौरीच्या नैवेद्याला आधी कुणी जीभ लावत नाही. मीठ-मसाला सगळा हाताच्या अंदाजाने. पानावर वाढून गौरीपुढे ठेवल्याशिवाय कुणी कणही चाखायचा नाही, हा सासूच्या सासूपासूनचा नेम. मग जीभ जिवंत असली काय आणि मेली काय, गौरीला काय फरक पडतो? बाकी सगळ्या सणांना ही हरली असती, पण गौरीच्या स्वयंपाकात ती कुणाला हार जाणार नव्हती. एकदा तो नैवेद्य तिच्या हातून नीट झाला की चूल तिची. मग बघू कोण बसा म्हणतंय ते. पण मालोजी वळला आणि मऊ आवाजात म्हणाला, "कर गं. तुझी इच्छा हाय ना, कर."

इतक्या सहज मिळालं म्हणून ती जरा हिरमुसलीच.

तेरड्याची गौर आली, माखरात बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंता न्हाऊन, डोक्याला धुतलेलं फडकं बांधून मागच्या पडवीतल्या चुलीपुढे बसली. उकड मळताना हात किती भाजतोय ते कळत नव्हतं, म्हणून वाफ डोळ्यांनी बघून हात घालत होती. भाकऱ्या थोड्या जाड झाल्या. होऊ देत. कडा फाटल्या नाहीत, आणि एक तर अशी टम्म फुगली की ती एकटीच हसली. अळू शिजलं, बिरड्याला रटरट कढ आला. मग तिने मिठाची बरणी पुढे ओढली.

तीन बोटं घातली, उचलली, चाचपली. काही कळेना. बोटांत मीठ आहे की नाही तेच कळेना. डोळ्यांनी बघितलं तर चारदोन खडे दिसले, बाकीचे वाटेतच गळले असावेत. टाकले. आता आपण टाकलं ते पुरेसं की कमी? हाताने सांगायला पाहिजे होतं, हात गप्प. पुन्हा घेतलं. ह्या वेळी जास्त आलं असं वाटलं, पण पडलं किती? चमचा घ्यावा का? चमच्याने मीठ तिने कधी घातलंच नव्हतं, चमच्याचा अंदाज कुठून आणणार! अळूत घातलं. मग बिरड्यात घातलं की नाही त्याचाच घोळ झाला. घातलं असेल. नसेल. अळणी राहिलं तर सगळे म्हणतील, बघा, हिच्याच्याने होत नाही. तिने आणखी एकदा घातलं.

दारात नम्रता उभी होती. तिचं तोंड उघडलं आणि मिटलं.

"काय गं?"

"काय नाय आई. पान वाढू का गौरीचं?"

"मी वाढनार," जयवंता म्हणाली.

नैवेद्य झाला, आरती झाली. सगळी जेवायला बसली. जयवंताने तिन्ही ताटं स्वतः वाढली, एक भाकरी हातातून निसटली तर दुसरी घातली, आणि मालोजीच्या समोर जाऊन बसली. पहिला घास. तिची नजर त्याच्या कपाळावर. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत धडधडायची तशी छाती धडधडत होती, उरलेली अर्धी छाती.

कपाळ साफ. आठी नाही, काही नाही. मालोजीने दुसरा घास घेतला.

"कसं झालंय?"

"झ्याक."

"नि मीठ?"

"बरोबर हाय."

बरोबर आहे! आजवर ह्या माणसाने मीठ बरोबर आहे असं तोंडाने कधी म्हटलं नव्हतं. बरोबर असलं की गप्प जेवायचा, तीच पावती. जयवंताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आई, एक नंबर," संतोष म्हणाला. नम्रताही मान हलवत होती. मालोजीने तर दोनदा बिरडं मागून घेतलं. वरचेवर पाणी पीत होती सगळी, तांब्या दोनदा रिकामा झाला, पण पावसाळी उकाडा होता. नम्रता एकदा सासऱ्याला हळूच म्हणाली, "बापू, तुमचं बीपी..." आणि त्याने तिच्याकडे असं बघितलं की ती गप्प झाली. जयवंताने आपल्या ताटातली माती चावून चावून गिळली. तिला तर सगळंच सारखं. पण आज मातीही गोड लागली असती.

मग शेजारीपाजारी प्रसादाच्या वाट्या गेल्या. सोनुबाईकडेही गेली. सोनुबाई म्हणजे पलीकडची म्हातारी, शेवग्याची फांदी कुणाच्या हद्दीत येते ह्यावरून जयवंताशी तिचं वाजलेलं, ते अजून मिटलं नव्हतं. हिच्या आजारपणात ती एकदाही बघायला आली नव्हती. पण गौरीची वाटी भांडण बघत नाही, गेलीच पाहिजे. संतोष देऊन आला आणि कंपनीतून फोन आला म्हणून बाहेर पडला.

जयवंता नुकतीच चुलीपुढे टेकली होती, तोच परसातून आवाज आला.

"जयवंते! ए जयवंते, भायेर ये!"

सोनुबाई वाटी हातात धरून कुंपणाशी उभी होती, लालबुंद. "काय घातलंस गं बिरड्यात? घरातलं मीठ आजच्या आज संपवायचं व्हतं काय? जीभ सोलली माझी!"

जयवंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुझ्या जिभेला आधीपासून काटे हायेत! शेवग्याचा राग गौरीवर काढतेस व्हय? घरातल्या सगळ्यांनी खाल्लं, ह्यांनी दोनदा मागून घेतलं!"

"मालोजीनं?" सोनुबाई थांबली. "मालोजीनं हे मागून घेतलं?"

"मग!"

"तू आजारी हायस म्हनून मी खोटं बोलू काय? आण तुझ्या नवऱ्याला हितं. माझ्यासमोर एक घास खाऊदे."

खरं सांगायचं तर जयवंताला बरं वाटत होतं. किती महिन्यांनी कुणीतरी तिच्याशी कचाकचा भांडत होतं. कमरेवर हात ठेवून ती आणखी चार शब्द सुनावणार, एवढ्यात तिचं लक्ष मागे गेलं. पडवीच्या दारात उभी राहून नम्रता सोनुबाईला हात जोडत होती. ओठांवर बोट ठेवत होती. गप्प बसा, गप्प बसा.

जयवंताचे हात कमरेवरून खाली आले.

"नम्रता. मीठ जास्त झालं व्हतं?"

नम्रता रडायलाच लागली. "आई, मी सांगनार व्हती. बापूंनी सकाळीच सांगून ठेवलेलं, कसंपन होऊदे, कुनी चकार शब्द काढायचा नाय. म्हनाले, तिचं मन मोडू नका. म्हनाले..."

"काय म्हनाले?"

"म्हनाले, ही आईंची शेवटची गौर हाय."

कुंपणापलीकडे सोनुबाईनेही वाटी खाली केली.

जयवंता आत गेली. मालोजी ओटीवर पाय लांब करून बसला होता, तांब्या जवळ. तिने ताट घेतलं, त्यात उरलेलं बिरडं ओतलं, भात घातला, आणि मिठाच्या बरणीत मूठ घालून भरली मूठ वर सोडली. ताट आणून त्याच्यापुढे ठेवलं. मीठ भातावर पांढरंफेक दिसत होतं, आंधळ्यालाही दिसलं असतं.

"जेवा."

मालोजीने ताटाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"जेवा की! झ्याक झालंय ना? मीठ बरोबर हाय ना? नाय आवडत तर ढकला. ढकला ताट, शिव्या घाला मला!"

त्याने हात पुढे केला. जयवंता मनात म्हणाली, ढकल रे बाबा, ढकल एकदा. त्याने भात कालवला, घास केला आणि तोंडात घातला. त्याचे डोळे पाण्याने भरले, गळ्याची घाटी वरखाली झाली, पण घास गेला.

"अवो, तुमी व्हता ना तिथं? डॉक्टरीण काय म्हनाली? गाठ नाय ऱ्हायली. बरी झाली म्हनाली."

"धाऊला पन असंच म्हनालेले," मालोजी म्हणाला. "पथ्य नाय आता, पायजे ते खाऊ द्या. मी व्हतो तिथं. गनपतीपतूर पन टिकली नाय."

"धाऊताईला मरायला घरी धाडलेलं. मला बरं करून धाडलंय!"

"व्हय," तो म्हणाला. हट्टी पोराला म्हणावं तसं म्हणाला. आणि दुसरा घास उचलला.

तेव्हा जयवंतानेच ताट धरलं आणि ढकललं. पूर्ण जोर लावून. ताट खणखणत भिंतीपर्यंत गेलं, भात आणि बिरडं सगळ्या ओटीवर पसरलं. "गुरांना घाला!" ती ओरडली. "गुरांना घाला! मान्सांचं नाय हे!"

आणि वाट बघत उभी राहिली. आता उठेल. आता हात उगारेल, आईबाप काढेल, सोनुबाईच्या परसापर्यंत आवाज जाईल. ती तयार होती. तिच्याकडेही चार शिव्या होत्या.

मालोजी उठला. गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू भिंतीशी गेला, खाली वाकला, ताट सुलटं केलं आणि भात गोळा करायला लागला. वालाचा एकेक दाणा वेचून ताटात ठेवत होता. सारवलेल्या जमिनीवर जयवंताने आजवर वेचला तसाच.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मी करते."

"नको," तो वर न बघता म्हणाला. "तू बस."

सुया टोचल्या तेव्हा नाही, केस उशीवर राहिले तेव्हा नाही, तव्यावर हात जळला तेव्हाही नाही. भिंतीशी वाकलेल्या त्या पाठीकडे बघताना जयवंताला पहिल्यांदा वाटलं, की डॉक्टरीण काहीही म्हणो, आपण मरणार आहोत. तिने भिंतीचा आधार घेतला. भिंत तिच्या बोटांना कळली नाही. मग ती खुर्चीकडे गेली आणि बसली.